नवीन पिक्चर: थिएटरात जायचं की आठ आठवडे थांबून घरी लावायचा?

आधीच सांगते, माझा हिशोब सोपा आहे, आवाज आणि गर्दीसाठी बनवलेला पिक्चर असेल तर थिएटर, आणि चार माणसं घरात बसून भांडतायत असा असेल तर घर. पण घर म्हटलं की खायचं काय हा प्रश्न येतो आणि खरी गोची तिथेच होते, त्यावर येतेच.

थांबायचं तर किती? हिंदी पिक्चर साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतो, कारण मोठ्या मल्टिप्लेक्स चेन तेवढी गॅप ठेवल्याशिवाय पिक्चर लावतच नाहीत. 'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला आणि ११ एप्रिलला नेटफ्लिक्सवर आला, मोजून आठ आठवडे. तेवढ्यात रील्सवर क्लायमॅक्ससकट सगळं बघून झालेलं असतं हा भाग वेगळा, ज्यांना स्पॉयलरचं टेन्शन येतं त्यांनी सरळ तिकीट काढावं. मराठीचं मात्र उलटं आहे, दुसऱ्या आठवड्यात शो एकदम कमी होतात, उरतो तो दुपारी बाराचा, म्हणजे नोकरी करणाऱ्याने बघायचाच नाही. त्यामुळे मराठी पिक्चर बघायचा असेल तर पहिल्याच शनिवार-रविवारी जा, ओटीटीवर येईल तेव्हा बघू म्हणत बसलात तर तो कधी आणि कुठल्या ॲपवर येईल याचा भरवसा नाही.

पैशाचं बोलायचं तर थिएटर महागच. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झाला, त्याच्या वर १८ टक्केच आहे, आणि ठाण्यात रविवारी संध्याकाळी शंभरचं तिकीट मला कुणीतरी शोधून दाखवाच. मंगळवारी बऱ्याच ठिकाणी स्वस्त असतं, जमत असेल तर तोच दिवस धरा. बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायचं की नाही हे थिएटरवाला ठरवणार असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय, पण प्यायचं पाणी फुकट द्यावं लागतं आणि तान्ह्या बाळासाठी आईवडील खाऊ नेऊ शकतात. तर पाण्याची बाटली विकत घ्यायच्या आधी कूलर कुठंय ते बिनधास्त विचारा, असतो कुठेतरी वॉशरूमच्या बाजूला कोपऱ्यात. आमचं म्हणाल तर आम्ही पॉपकॉर्नला हात लावत नाही, दुपारचा शो टाकायचा आणि मग ठाणे स्टेशनकडे येऊन मामलेदारची झणझणीत मिसळ हाणायची, नाकातोंडातून पाणी आलं तरी पैसे वसूल वाटतात. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांनी ट्रॅफिकचा वेळ वेगळा धरावा, शो चुकला की चिडचिड होते ती वेगळीच.

आता घर. पहिली गोष्ट, ज्याने स्वयंपाक केला त्याचा अर्धा पिक्चर जातो, आणि तो 'ज्याने' म्हणजे बहुतेक घरात आई नाहीतर वहिनी हे वेगळं सांगायला नको. म्हणून भजी अजिबात करायची नाहीत, गरमागरम खायची म्हणून एक माणूस कढईपाशी अडकतो आणि दर दहा मिनिटांनी 'काय झालं, काय झालं' ओरडतो. मिसळ करा. मटकी दोन रात्री आधी भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी छान मोड आलेले असतात. कांदा आणि सुकं खोबरं नीट काळपट होईस्तोवर भाजायचं, इथे घाई केली की रस्सा गोडसर नि फिका होतो, मग वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, कांदा-लसूण मसाला आणि वर गरमच पाणी, थंड ओतलं की तर्री हवी तशी येत नाही. पातेलं बारीक गॅसवर ठेवा, फरसाण, कांदा, लिंबू, पाव ओट्यावर मांडा आणि ज्याचं त्याने वाढून घ्या. मटकीचा कुकर मात्र आधीच उतरवून ठेवा, ऐन रडायच्या सीनला शिट्टी झाली की सगळे हसतात.

टीव्हीचंही बघून ठेवा. नेटफ्लिक्सचा १४९ वाला मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, रिचार्जसोबत फुकट मिळणाऱ्या पॅकचंही बऱ्याचदा तसंच, हे सगळे जमल्यावर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी लावून बघा. आणि सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग का काय असतं ते बंद करा हो! पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने भरतो नि चांगला पिक्चर सासूसुनेच्या सिरियलसारखा दिसायला लागतो.

गप्पांच्या बाबतीत घरच जिंकतं, पॉज करून 'हा कुठल्या सिरियलमध्ये होता गं' यावर वीस मिनिटं वाद घालता येतो. पण ज्याला पॉज आवडत नाही त्याला बोलवू नका, तो थिएटरचाच माणूस. आणि पाहुणे ऐरोली-घणसोलीचे असतील तर ठाण्याला येणाऱ्या ट्रान्स हार्बर लोकलला मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, नाही ना ते बघूनच रविवार ठरवा, नाहीतर इथे रस्सा आटणार आणि ते तिकडे रिक्षा शोधत बसणार.