जुना टॉर्च बदलायचा की नाही: आधी सेल बदलून पाहिला

पहाटे चारला आईला एक गोळी द्यायची असते. खोलीतला मोठा दिवा लावला की ती पूर्ण जागी होते आणि मग उजाडेपर्यंत तिचा डोळा लागत नाही. म्हणून दोन वर्षांपासून हे काम मी टॉर्चच्या उजेडात करते. तासाभराने कुत्र्याला फिरवायला बाहेर पडते, तेव्हाही हातात तोच टॉर्च. तो बदलावा की नाही या विचारात माझा अख्खा महिना गेला. त्या महिन्यात जे कळलं ते लिहिते आहे, कारण असा एखादा जुना टॉर्च बऱ्याच जणांकडे असेल.

माझा टॉर्च नऊ वर्षांचा आहे. ॲल्युमिनियमचा, मुठीत मावणारा, मागे बटण. आत एक १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल. पुढे एक्सएम-एल२ नावाचा एलईडी. खोक्यावर ९०० ल्युमेन लिहिलं होतं, ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप. चार्जिंगसाठी बाजूला मायक्रो यूएसबी आणि त्यावर रबरी झाकण. कडांचा काळा रंग उडून आतला धातू चमकतो. दोनदा जिन्यावरून गडगडत खाली गेला, एकदा भरलेल्या बादलीत पडला, पण बंद कधीच पडला नाही.

गेल्या काही महिन्यांत मात्र मधल्या उजेडावरही तो दीड तासात मान टाकायला लागला. मोठ्या उजेडावर लावला की पाच मिनिटांत झोत पिवळट आणि मरगळलेला. चार्जिंगची पिनही ढिली झाली होती. केबल एका ठरावीक कोनात टेकवून ठेवली तरच लाल दिवा लागायचा. मला वाटलं, संपलं याचं आयुष्य.

मावसभावाकडे नवा टॉर्च आहे. त्यात २१७०० सेल आहे, २१ मिलिमीटर जाड आणि ७० लांब. खोक्यावर ३००० ल्युमेन. तो त्याने मला आठवडाभर वापरायला दिला. पहिल्या रात्री गच्चीवर लावला तेव्हा खरंच डोळे दिपले. पण मिनिटभरात टॉर्चचं डोकं तापलं आणि उजेड आपोआप खाली आला. यात बिघाड काही नाही. एवढ्याशा ॲल्युमिनियमच्या नळीतून एवढी उष्णता बाहेर पडू शकत नाही, म्हणून आतलं सर्किट करंट कमी करतं. लहान अंगाचा कुठलाही टॉर्च हेच करणार.

मग मी दोन्ही टॉर्च मोजले. मोजायची पद्धत साधी आहे. अंधाऱ्या बाथरूममध्ये टॉर्च छताकडे तोंड करून उभा ठेवायचा, बेसिनच्या कडेवर फोन ठेवायचा आणि फोनमधल्या प्रकाश मोजणाऱ्या ॲपवरचा आकडा लिहून घ्यायचा. आकडा अचूक नसतो, पण फोन तोच आणि जागा तीच असेल तर तुलना नीट होते. भावाच्या टॉर्चने सुरुवातीला १९० दाखवले, दोन मिनिटांनी ७०. माझ्याने सुरुवातीला ४१ आणि पाच मिनिटांनी २७.

आकड्यांत फरक मोठा दिसतो, डोळ्याला तो तेवढा दिसत नाही. उजेड दुप्पट केला तर डोळ्याला जेमतेम थोडा वाढल्यासारखा वाटतो. दुप्पट वाटायला तो साधारण चौपट व्हावा लागतो. ९०० वरून ३००० ही उडी कागदावर जेवढी दिसते तेवढी गल्लीत दिसत नाही, आणि त्यातही ते ३००० फक्त पहिल्या मिनिटाचे.

खोक्यावरच्या बाकीच्या आकड्यांबद्दलही एक गोष्ट माहीत हवी. एफएल-१ नावाचं एक मानक आहे, चांगले उत्पादक त्याप्रमाणे आकडे छापतात. त्यातला 'किती वेळ चालेल' हा आकडा टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंदांपासून मोजतात आणि उजेड मूळच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत धरतात. मोठ्या उजेडासमोर तीन तास लिहिलं असेल तर त्यातले दोन-अडीच तास बऱ्याच खालच्या उजेडाचे असू शकतात. 'किती लांब जातो' हे अंतर जिथे उजेड पाव लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरतो तिथपर्यंतचं असतं. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. तेवढ्या उजेडात समोर कोणीतरी आहे एवढंच कळतं, चेहरा ओळखू येत नाही.

मग मी जुना टॉर्च पूर्ण उघडला. हे नऊ वर्षांत आधीच करायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. मागचं झाकण जिथे फिरवून बसतं तिथल्या आट्यांवर काळी राप जमली होती. अशा टॉर्चमध्ये करंट परत जायचा रस्ता टॉर्चच्या अंगातूनच असतो, त्यामुळे आटे आणि नळीची कड घाण झाली की करंट तिथेच अडतो. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून सगळं पुसलं, रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं. व्हॅसलीन लावू नका, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं. नुसत्या पुसण्याने आकडा ४१ वरून ४६ वर आला.

त्यानंतर सेल. सेलची क्षमता मोजणारा वेगळा चार्जर मी मैत्रिणीकडून आणला. मूळ सेलवर २६०० एमएएच छापलेलं आहे. पूर्ण चार्ज करून मोजला तर त्यातून ११०० बाहेर आले. त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच करंटला होणारा अडथळा, २०० मिलिओहमच्या वर गेला होता. मला सगळ्यात जास्त उलगडा या आकड्याने झाला. मोठ्या उजेडावर हा टॉर्च सुमारे तीन ॲम्पिअर खेचतो. तीन गुणिले ०.२ ओहम म्हणजे ०.६ व्होल्ट सेलच्या पोटातच जिरतात. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्टचा, तो लावताक्षणी ३.६ वर येतो, आणि एलईडीलाच तीन व्होल्टच्या वर लागतात. थोडा चार्ज उतरला की द्यायला काही उरतच नाही. एलईडी दमला नव्हता, सेल म्हातारा झाला होता.

त्याला म्हातारं मीच लवकर केलं. चार्जिंगवरून काढायचा आणि पूर्ण भरलेला टॉर्च तसाच महिनोन्‌महिने खिडकीच्या उन्हात ठेवायचा, हे मी वर्षानुवर्षं केलं. लिथियम-आयन सेलला पूर्ण चार्ज आणि उष्णता हे दोन्ही एकदम सोसत नाही.

नवा सेल आणताना एकदा चुकले. पहिल्यांदा सपाट डोक्याचा आणला. तो आत बसला पण टॉर्च लागेना. माझ्या टॉर्चमध्ये सेल उलटा घातला तर संपर्क होऊ नये म्हणून पुढे प्लास्टिकची कडी आहे, त्यामुळे धन टोकाला उंचवटा असलेलाच सेल लागतो. दुसऱ्यांदा उंचवट्याचा, संरक्षक सर्किट असलेला, ३५०० एमएएचचा घेतला. हे सर्किट सेलच्या बुडाशी असतं, त्यामुळे सेल ६९ मिलिमीटरपर्यंत लांब होतो. आधी आपली नळी मोजून घ्या. आणि १८६५० वर ५०००, ९९०० असे आकडे छापलेले दिसले तर तो सेल हातातही घेऊ नका. या आकारातले बहुतेक चांगले सेल ३५००-३६०० च्या आसपास थांबतात. जो आकड्यात खोटं बोलतो तो सुरक्षिततेतही बोलत असणार, आणि लिथियम सेलच्या बाबतीत ते परवडत नाही.

नव्या सेलवर आकडा आला ५८, पाच मिनिटांनी ५१. भावाच्या टॉर्चचे दोन मिनिटांनंतरचे ७० आठवतात ना? गल्लीत दोन्ही एकाआड एक लावून पाहिले. भावाचा थोडा उजवा होता, पण त्यासाठी माझा टाकून द्यावा असं मुळीच वाटलं नाही. मधल्या उजेडावर आता तो पाच तासांच्या आसपास चालतो. ढिल्या पिनचा प्रश्नही मिटला, कारण सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरमध्ये लावते.

इथेच हा लेख संपला असता, पण पहाटे चारचं काम राहिलं होतं.

या जुन्या टॉर्चचा सगळ्यात कमी उजेड ३० ल्युमेन आहे. ऐकायला कमी वाटतो, पण पूर्ण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो बोचतो. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ते सगळं एका झोतात जातं. त्याहून वाईट म्हणजे हा टॉर्च लावला की आधी मोठा उजेड, मग मधला, मग छोटा असाच क्रम घेतो. दोन वर्षं मी तळहाताने काच झाकून बटण दाबत आले. बोटांच्या फटीतून झोत निसटला की आई कूस बदलायची, आणि मला स्वतःचाच राग यायचा.

दुसरी अडचण रंगाची. आईच्या दोन गोळ्या आकाराने सारख्या आहेत, एक पांढरी आणि एक फिकट पिवळी. या टॉर्चचा निळसर पांढरा उजेड साधारण ६५०० केल्व्हिनचा (हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड निळसर), आणि त्या काळच्या अशा एलईडींचा रंग दाखवण्याचा गुणांक, म्हणजे सीआरआय, ७० च्या आसपास असायचा. त्यात दोन्ही गोळ्या एकसारख्या दिसतात. मी दर वेळी पाकिटावरचं नाव वाचूनच देत आले आणि आताही तसंच करते, पण डोळ्यालाही खात्री हवी असते. शिवाय तिच्या घोट्याजवळ लाली येते का ते बघायला सांगितलेलं आहे. लाल रंग तर कमी सीआरआयच्या उजेडात सगळ्यात आधी मरतो. त्यासाठी मोठा दिवा लावावाच लागायचा.

हे दोन्ही सेल बदलून सुटण्यासारखं नव्हतं. म्हणून नवा टॉर्च घेतला, पण भावासारखा नाही. मुद्दाम १८६५० चाच घेतला, म्हणजे दोन्ही टॉर्चना एकच सेल चालतो. सेल बाहेर निघणारा हवा ही माझी पहिली अट होती. आत कायमचा बसवलेला सेल असेल तर सेलबरोबर टॉर्चही संपतो. एलईडी निचिया या जपानी कंपनीचा ५१९ए, ४००० केल्व्हिनचा, सीआरआय ९० च्या वर. याचे एकूण ल्युमेन माझ्या जुन्या टॉर्चपेक्षा थोडे कमीच आहेत. रंग नीट दाखवणारा एलईडी तेवढ्याच करंटमध्ये थोडा कमी उजेड देतो, आणि मला ते पूर्ण मान्य आहे.

बटण दाबून धरलं की हा थेट सगळ्यात खालच्या उजेडावर लागतो. अर्धा ल्युमेन. पहिल्या रात्री मला वाटलं लागलाच नाही. मग हळूहळू ताट, पेला, आईचा हात, गोळीचं पाकीट सगळं दिसायला लागलं. पिवळी गोळी पिवळी दिसली. थोडा उजेड वाढवून घोटा पाहिला तर कातडीचा रंग दिवसा दिसतो तसाच. आई गोळी घेऊन पुन्हा झोपली. सकाळी म्हणाली, "काल तू आलीच नाहीस का गं?"

यात दोष आहेत. चार्जिंगला टाइप-सी आहे, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाही, जुन्या चौकोनी टोकाची केबलच लागते. मी आधी टॉर्चच खराब समजले. खरं कारण असं की टाइप-सी चार्जर समोरच्या उपकरणात ५.१ किलोओहमचे रोध सापडल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि ते दोन क्षुल्लक भाग यात बसवलेले नाहीत. एवढ्या चांगल्या टॉर्चमध्ये हे मला पटलं नाही. घेण्याआधी ही गोष्ट नक्की विचारा.

दुसरं म्हणजे बाजूचं बटण इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे टॉर्च बंद असतानाही थोडा करंट जात राहतो. रोज वापरणाऱ्याला त्याचं काही नाही. वर्षभर कपाटात ठेवणाऱ्याला सेल रिकामा सापडू शकतो. आणि तेच बटण पिशवीत दाबलं जाऊन एकदा टॉर्च आतल्या आत चांगलाच तापला होता. आता बाहेर नेताना मागचं झाकण पाव वळसा सैल करते. आट्यांवर अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे वीज वाहू न देणारा, थर असल्यामुळे तेवढ्याने संपर्क तुटतो.

ज्यांना टॉर्च फक्त वाटेवर लागतो त्यांनी, जुना धड असेल तर, पुसून नवा सेल घालावा आणि वर्षानुवर्षं वापरावा. ज्यात सेल बाहेर निघत नाही आणि जो अर्ध्या तासात मरतो, त्याला मात्र वाचवायला जाऊ नका. सेल फुगलेला किंवा वेष्टन फाटलेला असेल तर चार्ज करून बघण्याच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

जुना टॉर्च आता दाराजवळच्या खुंटीवर आहे, कुत्र्याच्या पट्ट्याशेजारी. नवा आईच्या उशाजवळच्या टेबलावर. म्हाताऱ्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात दिला. एक जादा सेल प्लास्टिकच्या डबीत आहे, अर्धा चार्ज करून ठेवलेला, खिडकीपासून लांब.