स्वतः शर्ट घालायचा की मदतनीस घ्यायचा? ऑक्युपेशनल थेरपीतले दोन विचार

ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) म्हणजे आजार किंवा अपंगत्व असताना रोजची कामं जमावीत यासाठीची थेरपी. तिचं शिक्षण आपल्याकडे १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये कमला निंबकरांनी सुरू केलं, आणि आजही थेरपीत मोठा भर असतो तो पेशंटने स्वतःचं स्वतः करण्यावर. पेशंट रोजची कामं किती स्वतः करतो याला मार्क देणारा बार्थेल इंडेक्सच बघा ना, कपडे स्वतः घातले की १०, थोडी मदत लागली की ५! हातापायात ताकद परत येणार असेल तर हे बरोबरच आहे, मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर बोटांचे व्यायाम हवेतच.

पण डिसअ‍ॅबिलिटी स्टडीज, म्हणजे अपंगत्वाकडे समाजाच्या बाजूने बघणारी अभ्यासशाखा, विचारते की हे ५ मार्क कमी कशासाठी? हातापायांत अर्धवट लकवा असलेली बाई शर्टची बटणं लावण्यात सकाळचा तासभर घालवून दमून बसणार, की मदतनिसाकडून दहा मिनिटांत तयार होऊन ऑफिसला जाणार, हे तिचं तिला ठरवू दे ना. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या साथीदारांनी हेच मांडलं, इंडिपेंडंट म्हणजे निर्णय आपल्या हातात.

मला दुसरा विचार जास्त पटतो, खास करून कायमच्या अपंगत्वात. तिथे थेरपिस्टने थेरपीचं उद्दिष्ट लिहायच्या आधी घराचा जिना, ऑफिसचं टॉयलेट आणि बसची पायरी बघायलाच हवी.