ओडेन आणि बेनेट: दोन पहिले क्रमांक, दोन वेगळ्या अडचणी

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग; तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, सर्वांत आधी निवडले गेलेले हे दोघे. अपयशी खेळाडूंच्या यादीत दोघांची नावं शेजारी येतात, ते मला पटत नाही.

ग्रेग ओडेनला पोर्टलंडने 2007 मध्ये निवडलं, पुढे मोठा तारा झालेल्या केविन ड्युरंटच्याही आधी. सात फुटी सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू), बचावात भिंत. पण पहिला सामना खेळण्याआधीच उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि अख्खा हंगाम गेला. 2009 च्या डिसेंबरमध्ये डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. तोवर त्या हंगामातल्या 21 सामन्यांत तो सरासरी 11 गुण आणि साडेआठ रिबाउंड (नेम हुकल्यावर पकडलेले चेंडू) मिळवत होता! खेळ होता, गुडघे नव्हते. कारकीर्द 105 सामन्यांत संपली. याला 'फसलेला' म्हणणं अन्यायच.

अँथनी बेनेटचं वेगळं. 2013 मध्ये क्लीव्हलंडने घेतलं, तेव्हा खांद्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, त्यामुळे उन्हाळ्यात सराव नाही. पहिल्या हंगामात सरासरी जेमतेम 4.2 गुण. त्याची मूळ अडचण मैदानावर कोणत्या जागी खेळवायचं ही होती: मोठ्या खेळाडूंपुढे उंची कमी, चपळांपुढे वेग कमी. वर्षभरात त्याला मिनेसोटाला धाडलं. घडायला वेळ द्यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.