टाकीतले शेवाळ: प्रकाश आवरावा, शेवाळखाऊ जीव सोडावेत की औषध घालावे?

फिशटँकच्या काचेवर हिरवा थर चढू लागला की तीन उपाय हमखास सुचवले जातात: दिवा कमी वेळ लावणे, शेवाळ खाणारे जीव सोडणे आणि शेवाळनाशक घालणे. हे उपाय एकाच पंक्तीला बसवले जात असले, तरी पहिला शेवाळाच्या कारणाला हात घालतो, दुसरा रोजची झाडलोट करतो आणि तिसरा फक्त दिसणारे शेवाळ मारतो. नव्या टाकीतला तपकिरी, बोटाने सहज पुसला जाणारा थर डायाटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्यासाठी यांपैकी काहीच करू नये.

प्रकाशाचा उपाय बिनखर्चाचा आहे, म्हणूनच कदाचित तो कोणी मनावर घेत नाही. दिवा प्रखर असून कार्बन डायऑक्साइड किंवा खत अपुरे पडले, तर वनस्पतींची वाढ खुंटते आणि त्यांना न वापरता आलेला प्रकाश शेवाळाच्या कामी येतो. टायमर लावून दिवा रोज सहा ते आठ तासच चालू ठेवावा आणि खिडकीतून टाकीवर येणारे ऊन या हिशेबात धरण्याऐवजी सरळ अडवावे. फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात आणि काचेवर आधीच चिकटलेले शेवाळ तोवर हातानेच खरवडावे लागते. पाणी हिरवेगार झाले असेल, तर टाकी तीन-चार दिवस पूर्ण झाकून ठेवता येते; मात्र त्या काळात हवेचा पंप चालू हवा आणि नंतर निम्मे पाणी बदलायला हवे, कारण मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू खाते.

याच टप्प्यावर अनेक जण शेवाळाची उपासमार करण्यासाठी खतही बंद करतात, आणि माझ्या मते या छंदातली ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे. शेवाळाला फार थोडे पुरते; उपाशी राहतात त्या वनस्पती. जुनी पाने पिवळी पडणे हे बहुधा नायट्रोजनच्या, नवी पाने फिकट येणे हे लोहाच्या, तर जुन्या पानांना बारीक छिद्रे पडणे हे पोटॅशियमच्या कमतरतेचे लक्षण असते. अशी पाने कापून टाकावीत, कारण मरणाऱ्या पानावर शेवाळ आधी धरते. हॉर्नवर्ट किंवा वॉटर विस्टेरिया यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती भरपूर लावल्या, तर शेवाळाच्या वाट्याला कमी उरते. अनुबियासचे मंद वाढणारे पान मात्र दिव्याच्या थेट खाली ठेवल्यास हमखास माखते.

शेवाळखाऊ जीवांत अमानो श्रिम्प धाग्यासारख्या शेवाळावर उत्तम काम करतात आणि त्यांच्या पिल्लांना खारट पाणी लागत असल्यामुळे गोड्या पाण्यात त्यांची संख्या वाढत नाही. नेराइट गोगलगाय काच चकचकीत ठेवते, पण तिची पांढरी, घट्ट चिकटणारी अंडी खरवडण्याची तयारी हवी. ओटोसिन्क्लस हा छोटा मासा नाजूक असतो. तो जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत आणि गटानेच सोडावा. साधा प्लेको मासा मात्र छोट्या टाकीसाठी घेऊच नये: तो फूटभर वाढतो आणि शेवाळापेक्षा घाणच जास्त करतो. कोणताही जीव सोडला, तरी निळसर-हिरव्या, बुळबुळीत, उग्र वासाच्या थराला तो सहसा तोंड लावत नाही, कारण ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू असतात.

औषधांविषयी थोडक्यातच सांगता येते. तांबेयुक्त शेवाळनाशक श्रिम्प आणि गोगलगायींसाठी घातक असते, म्हणजे दुसरा उपाय आधीच केलेल्या माणसाला हा मार्ग बंद होतो. ‘द्रवरूप कार्बन’ म्हणून मिळणाऱ्या ग्लुटाराल्डिहाइडने काळे दाढीसारखे शेवाळ मरते खरे, पण व्हॅलिसनेरिया आणि मॉस या वनस्पतींनाही इजा होऊ शकते, आणि ते हाताळताना हातमोजे आवश्यक असतात.

त्यामुळे टाकीत वनस्पती भरपूर असतील, तर आधी टायमर, नियमित खत आणि आठवड्याला सुमारे एक तृतीयांश पाणी बदलणे, हा क्रम महिनाभर पाळावा आणि उरलेल्या शेवाळासाठी जीव निवडावेत. वनस्पती मोजक्या आणि मंद वाढीच्या असतील, तर दिवा आणखी मंद करून नेराइट सोडणे पुरेसे ठरते. औषध फक्त एखाद्या दगडावर किंवा लाकडावर अडून बसलेल्या काळ्या शेवाळासाठी राखावे, आणि शक्य असल्यास ती वस्तू टाकीबाहेर काढूनच वापरावे.