स्पर्मिडिनची कॅप्सूल घ्यावी की नागपूरच्या इतवारी बाजारातलं सोयाबीन?

पन्नाशी उलटलेल्यांच्या गप्पांत हल्ली आयुष्य वाढवतं म्हणून विकलं जाणारं स्पर्मिडिन येतंच. महिन्याला हजार-दोन हजार घालवण्याआधी ते पेशीत करतं काय, हे बघून घ्या.

पुट्रेसिन, स्पर्मिडिन आणि स्पर्मिन ही पॉलिअमाइन्स, म्हणजे नायट्रोजन असलेले छोटे रेणू, आपल्या पेशी स्वतःच बनवतात. ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज या एन्झाइमने पुट्रेसिन तयार होतं, त्यावरून पुढची दोन. धनभारामुळे ती डीएनए-आरएनएला धरून राहतात. त्यांच्याशिवाय पेशीची वाढ अडते. वयाबरोबर अनेक ऊतींत स्पर्मिडिन घटतं. 2009 मध्ये यीस्ट, फळमाश्या आणि कृमींना ते दिल्यावर त्यांचं आयुष्य वाढलं, कारण पेशीतली साफसफाई, म्हणजे ऑटोफॅजी, जोरात चालली. जाहिरातींचं सगळं भांडवल एवढंच.

माणसांत काय झालं? जर्मनीत स्मरणशक्तीची तक्रार असलेल्या 100 ज्येष्ठांवर वर्षभर चाचणी झाली. निम्म्यांना रोज 0.9 मिलिग्रॅम स्पर्मिडिन, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. 2022 मध्ये निकाल आला: स्मरणशक्तीत दोघांत फरक नाही. बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये मात्रा साधारण एवढीच असते.

आता सोयाबीन. किलोमागे स्पर्मिडिन ढोबळमानाने 100 ते 200 मिलिग्रॅम, म्हणजे 30 ग्रॅम दाण्यांत 3 ते 6. विदर्भात ज्याचे ढीग लागतात त्याला तेलगिरणीचा माल समजून आपण ताटाबाहेर ठेवतो, हे नवलच! रात्री भिजत घाला, कुकरला चांगल्या शिट्ट्या द्या, उसळ करा. कच्चं खाऊ नका. शिजवताना स्पर्मिडिन थोडं पाण्यात उतरतं, तेव्हा ते पाणी रश्शातच जाऊ द्या. हिवाळ्यात मटार आहेतच, त्यातही स्पर्मिडिन असतं. गहू चक्कीवर दळून न चाळता वापरला तर स्पर्मिडिन असलेला अंकुरही पोटात जातो, मैद्यात तो नसतो. आयुष्य वाढेल याची हमी उसळही देत नाही, पण प्रथिनं तरी पदरात पडतात. माझं मत उसळीला.

कर्करोग झालेल्यांनी मात्र कॅप्सूलच्या वाटेला परस्पर जाऊच नये. अनेक गाठींत हीच पॉलिअमाइन्स भरमसाट बनतात. वरचं एन्झाइम रोखणारं एफ्लोर्निथिन आधी आफ्रिकेतल्या निद्रारोगावर वापरात होतं. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत त्याला लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमासाठी, म्हणजे चेतापेशींच्या कर्करोगासाठी, मंजुरी मिळाली, मूळ उपचारांनंतर गाठ पुन्हा उद्भवू नये म्हणून. तिथे उपचार चालतो तो पॉलिअमाइन्स कमी करण्याचा.

गव्हाच्या अंकुराच्या अर्काची कॅप्सूल सिलिॲकवाल्यांनी, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न चालणाऱ्यांनी, टाळावी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवा.