इकॉनॉमी ७ आणि इमर्शन हीटर : हिवाळा-उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

आमचा फ्लॅट इंग्लंडमधे रेडिंगला आहे, बिल्डिंगमधे गॅसच नाही, सगळं विजेवर, त्यामुळे अंघोळीचं पाणी इमर्शन हीटरवर आणि वीज इकॉनॉमी ७ वर, म्हणजे रात्रीचे ७ तास स्वस्त आणि बाकी दिवसभर महाग. भारतातून नवीन आलेल्यांना इमर्शन म्हटलं की बादलीत सोडायचा रॉड आठवतो, म्हणून आधीच सांगतो की हे तसं नाही. कपाटात छातीइतकी उंच तांब्याची टाकी असते, आमची २१० लिटरची आहे, आणि तिला दोन हीटर असतात. खालचा रात्रीच्या विजेवर अख्खी टाकी तापवतो, वरचा म्हणजे बूस्ट, दिवसा पाणी संपलं तर फक्त वरचा थर तापवायला. दोन्ही ३ किलोवॉटचे.

हिशोब अगदी चोख बसतो. थंडीत नळाचं पाणी साधारण १० डिग्रीला येतं, ते ६० पर्यंत न्यायला २१० लिटरला १२ युनिटच्या आसपास लागतात, म्हणजे ३ किलोवॉटला चार तास. सात तासांत आरामात होतं. सगळं नीट चालू असेल तर चौघांच्या अंघोळी, भांडी, सगळं होऊन संध्याकाळपर्यंत गरम पाणी उरतं आणि मी तेव्हा या सिस्टिमवर जाम खूश असतो.

पण बिघाड झाला की ही सिस्टिम फार फसवते, आणि मला हेच सविस्तर लिहायचंय कारण आमच्याकडे ऐन थंडीत हे झालं आणि पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. झालं असं की दोन-तीन सकाळी पाणी नेहमीपेक्षा फारच कडक आलं, हात लावता येईना इतकं, आणि मग एकदम उलटं, पहिली अंघोळ ठीक, दुसरी चालू असतानाच पाणी कोमट. गार पाणी असं आलंच नाही, आणि घोळ तिथेच आहे. खालचा हीटर बंद पडला तरी वरचा टायमरवर असेल तर तो गुपचूप काम करत राहतो, तुम्हाला वाटतं हीटर चालू आहे, पाणी कमी पडतंय एवढंच, आणि इकडे दिवसाचे महाग युनिट पळत असतात. मीटरवर दिवसाचे आणि रात्रीचे आकडे वेगवेगळे दिसतात, ते पाहिले तेव्हा कळलं की रात्रीचा आकडा नेहमीपेक्षा बराच कमी सरकतोय.

इलेक्ट्रिशियन बोलावला, तो सकाळी अकराला आला, खालच्या हीटरच्या स्विचला टेस्टर लावला, म्हणाला सप्लायच येत नाही, वायरिंग गेलंय, आणि टाकी जुनी आहे तर सगळंच बदलून टाका. आता खालच्या हीटरच्या सर्किटला दिवसा वीज येतच नाही हो! आमच्यासारख्या जुन्या फ्लॅटमधे रात्रीचं सर्किट वेगळं असतं, त्याचा फ्यूज बॉक्सही वेगळा, आणि ठरलेल्या वेळी मीटरजवळचा टेलिस्विच, म्हणजे रेडिओच्या सिग्नलवर चालणारा स्विच, तेव्हा ते चालू करायचा. त्या टेलिस्विचला सिग्नल बीबीसीच्या रेडिओ ४ च्या लाँग वेव्हवरून जायचा, १९८ किलोहर्ट्झवर. त्यामुळे सकाळी अकराला तपासलं तर ते सर्किट मेलेलंच दिसणार, ठणठणीत असलं तरी. हे ज्याला माहीत नाही त्याच्या सांगण्यावरून हजारभर पौंड खर्च करू नका, कळकळीने सांगतोय.

मी रात्री जागून पाहिलं. बाकी सगळं बंद केलं, स्टोरेज हीटर (रात्री उष्णता साठवून दिवसा खोली गरम ठेवणारे) सुद्धा त्यांच्या त्यांच्या स्विचवरून बंद, कारण ते पण त्याच वेळी चालू होतात आणि मग काहीच कळत नाही. साडेबाराला मीटरच्या कपाटातून खट्ट असा आवाज आला आणि खालच्या हीटरच्या स्विचवरचा लाल दिवा लागला. म्हणजे सप्लाय व्यवस्थित येत होता. पण मीटरवर जो बारीक लाल दिवा लुकलुकतो तो अगदी सावकाश, फ्रिजपुरताच. आमच्या मीटरवर एका युनिटला १००० लुकलुक असं लिहिलंय, ३ किलोवॉटचा हीटर चालू असेल तर मिनिटाला ५० वेळा लुकलुकायला हवं, जवळजवळ सेकंदाला एक. ते झालंच नाही. म्हणजे वीज स्विचपर्यंत येतेय पण हीटर ओढत नाहीये. एवढं कळायला कसलंही झाकण उघडावं लागत नाही, फक्त रात्री जागावं लागतं.

पुढचं काम दुसऱ्या, या प्रकारातल्या जाणकार इलेक्ट्रिशियन बाईंकडून करून घेतलं, कारण आत २३० व्होल्ट आहे आणि दोन हीटर दोन वेगळ्या सर्किटवर असतात, बूस्टचा स्विच बंद केला म्हणजे खालचा बंद झाला असं अजिबात नाही, दोन्ही फ्यूज बॉक्सवरून बंद करायचं आणि शिवाय टेस्टरने खात्री करायची. झाकणाखाली थर्मोस्टॅट आणि त्यावर छोटं लाल बटण, ते बाहेर आलेलं होतं. ते सेफ्टी कटआउटचं बटण, पाणी फाजील तापलं की उडतं. दाबलं की हीटर पुन्हा चालू होतो आणि बरेच लोक तिथेच थांबतात. थांबू नका. ते का उडलं हे बघा. आमच्याकडे थर्मोस्टॅटचा कॉन्टॅक्ट चिकटला होता, ६० ला हीटर बंद व्हायचा तो होतच नव्हता, म्हणूनच आधी पाणी इतकं कडक येत होतं. कटआउट होतं म्हणून निभावलं. जुन्या थर्मोस्टॅटला हे कटआउट नसतं, तो चिकटला तर पाणी उकळत राहतं आणि वरच्या गार पाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाकीपर्यंत जातं, ती मऊ पडून फुटते आणि कढत पाणी खाली कोसळतं, इथे अशाने माणसं दगावलेली आहेत.

बाईंनी मल्टिमीटरने एलिमेंट मोजलं, साडेसतरा ओहम, ३ किलोवॉटला बरोबर तेवढंच यायला हवं. काहीच रीडिंग आलं नसतं तर एलिमेंट तुटलेलं, आणि अर्थिंगला लागत असेल तर ट्रिप होणार. एलिमेंट चांगलं असल्यामुळे टाकी रिकामी करावी लागली नाही, थर्मोस्टॅट त्याच्या नळीतून उपसून काढला आणि नवा सरकवला. पार्ट पंधरा पौंडांच्या आत. वरच्या हीटरचा थर्मोस्टॅट बिनकटआउटचा जुना निघाला, तोही त्याच दिवशी बदलून घेतला. रेडिंगचं पाणी क्षारांचं, किटलीला जसा पांढरा थर धरतो तसा एलिमेंटवरही धरतो, रात्री टाकीतून करकर आवाज येतो तो त्याचाच, त्यामुळे कधी एलिमेंट बदलायची वेळ आली तर तांब्याचं न घेता इन्कोलॉयचं (निकेलचा मिश्रधातू) घ्यायचा सल्ला त्यांनी दिला.

त्यानंतर उन्हाळ्यात मीटर बदललं, ३० जून २०२५ पासून तो रेडिओचा सिग्नल टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतला ना, म्हणून. मीटर बदलणाऱ्याला रात्रीच्या सर्किटची वायर दाखवा आणि त्याच रात्री हीटर चालू होतो का बघा. आणि हे स्मार्ट मीटर उन्हाळ्यातही जीएमटीवरच, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या वेळेवरच चालतं, पण उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणजे घड्याळात दीड वाजतात तेव्हा स्वस्त वीज सुरू होते. ज्यांचा खालचा हीटर साध्या टायमरवर आहे त्यांचा रोज एक तास महाग दराने जातो, टायमर तासभर उशिरा चालू होईल असा लावून ठेवा.

एकटा माणूस असेल आणि दिवसभर घरीच वीज वापरत असेल तर या प्लॅनचा फायदा होईलच असं नाही, दिवसाचा दर साध्या प्लॅनपेक्षा जास्त असतो. आमच्यासारख्या भरल्या घराला मात्र मी नक्की सांगेन, ठेवा, टाकीवर ८० मिलिमीटरचं इन्सुलेशनचं जॅकेट घाला आणि महिन्यातून एकदा दोन्ही आकडे लिहून ठेवा. थर्मोस्टॅट ६० च्या खाली आणू नका, बचतीसाठी पण नाही, कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचा घातक जंतू वाढतो. भारतात सुट्टीला जाताना आम्ही दोन्ही हीटर बंद करून जातो, आणि परत आल्यावर पहिली रात्र टाकी पूर्ण तापू देतो, शॉवर दुसऱ्या दिवशी सकाळी.