घरातील हालचाल टिपण्यासाठी वायफाय घ्यावे की रडार?

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी कॅमेरा लावणे बहुतेकांना रुचत नाही, आणि मनगटावरचे यंत्र नेमके आंघोळीला जाताना काढून ठेवले जाते. त्यामुळे रेडिओ लहरींवरून हालचाल ओळखणाऱ्या साधनांचा विचार होतो. यात घरात असलेलेच वायफाय वापरणे किंवा वेगळे छोटे रडार बसवणे, असे दोन मुख्य मार्ग आहेत.

राउटरकडून निघालेल्या लहरी भिंती, कपाटे आणि माणसांवर आपटून अनेक वाटांनी दुसऱ्या उपकरणापर्यंत पोहोचतात; कोणी हलले की या वाटा बदलतात, आणि तो बदल चॅनेलच्या, म्हणजे लहरींच्या या एकूण मार्गाच्या, मोजमापात उमटतो. ईएसपी३२ सारखी स्वस्त चिपही हे मोजमाप देते. वायफायच्या लहरींनी भिंतीपलीकडची हालचाल टिपता येते, हे एमआयटीतील फादेल अदीब आणि दिना कताबी यांनी २०१३ साली दाखवले होते. खर्च जवळजवळ नाही आणि एकाच जोडणीत संपूर्ण खोली येते, हे वायफायचे बळ आहे. मात्र पडणे, बसणे आणि वाकणे यांतला फरक ओळखायला शिकवलेली प्रणाली त्या खोलीच्या मांडणीला बांधलेली असते. कपाट सरकवले की ती गोंधळू शकते, आणि जाहिरातींत ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

जवळजवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या ओळखण्याची रडारची क्षमता बँडविड्थवर, म्हणजे वापरलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याच्या रुंदीवर, अवलंबून असते: प्रकाशाच्या वेगाला बँडविड्थच्या दुपटीने भागले की त्यासाठी लागणारे किमान अंतर मिळते. याच हिशेबाने २० मेगाहर्ट्‌झच्या वायफाय चॅनेलला सुमारे साडेसात मीटर, तर ४ गिगाहर्ट्‌झ वापरणाऱ्या ६० गिगाहर्ट्‌झच्या रडारला चार सेंटिमीटरहून कमी अंतर येते. तरंगलांबी अवघी ५ मिलिमीटर असल्यामुळे श्वासाबरोबर होणारी छातीची काही मिलिमीटरची हालचालही त्याला स्पष्ट दिसते. पण सगळी रडारे सारखी नसतात. बाजारात सर्वाधिक स्वस्त मिळणारी २४ गिगाहर्ट्‌झची मॉड्यूल बहुधा २५० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात, म्हणजे त्यांची क्षमता साठ सेंटिमीटरच्या आसपास राहते. कोणी खोलीत आहे का, एवढे त्यांच्याकडून पक्के कळते, पण पडल्याची खात्री त्यांच्यावर सोपवू नये.

छताचा पंखा दोन्हींना त्रास देतो. तो सतत फिरत असल्याने त्याची नियमित खूण गाळता येते, पण वाऱ्याने हलणारा पडदा मात्र गाळायला कठीण जातो. म्हणून रडार पंख्याच्या टप्प्याबाहेर, शक्यतो भिंतीवर लावावे.

६० गिगाहर्ट्‌झच्या पर्यायात आणखी एक अडचण येऊ शकते. गूगलने २०१९ मध्ये पिक्सेल ४ मध्ये याच वारंवारतेचे सोली रडार बसवले, पण भारतात तो पट्टा खुला नसल्याने तो फोन येथे विकायला आला नाही. नियम बदलत असतात. परदेशातून उपकरण मागवण्यापूर्वी येथील सद्यःस्थिती तपासावी.

निव्वळ ‘आई सकाळी उठून घरात वावरली का’ एवढेच कळायला हवे असेल, तर वायफायवर काम भागते, आणि २०२५ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने या वापरासाठी ८०२.११बीएफ हे मानक मंजूर केल्याने पुढील राउटरांत ही सोय अधिक सुटसुटीत होण्याची शक्यता आहे. स्नानगृहातील पडणे ओळखायचे असेल, तर पैसे रडारवरच घालावेत, आणि तेही आधी त्याच स्नानगृहात काही दिवस चालवून पाहावे.